पोटातलं करडू

मी शेळी बोलून राहिले. हसू आलं ना? हास. शेळी बोलती म्हनल्यावर शान्या मानसानं हसावंच. आन् मी सांगन त्यातला एक शब्द बी खरा मानायची तुझी छाती हाय का, तेच मला बगायचंय. या गल्लीत माझ्याइतकी लबाड कुनी न्हाई, कुनाला बी इचार. लंगडायचं सोंग करून मी लोकाचा पाला खाल्लाय. डोळे पांढरे करून मार चुकवलाय. तवा ठेव इश्वास, न्हाईतर नको ठेवू. माझं काय जातंय. मला तसं बी रवंथच करायचंय, त्यात चार गोष्टी चघळते.

उदगीरला किल्ल्याच्या अंगाला गादीवाल्यांची एक गल्ली हाय. तिथं यासेर गादीवाल्याच्या दारात पान्याच्या टाकीला बांधलेली म्हातारी काळी शेळी, ती मी. नाव शहजादी. नाव ठिवलं यासेरच्या आईनं, जन्नतबीनं. पयल्या दिशी तिनं वाळला कडबा टाकला, मी हुंगून सोडून दिला. तवा ती कमरेवर हात ठिवून म्हनली, "वा गं शहजादी, तुला काय बिर्यानी वाढू?" तवापासून तेच नाव चिकटलं.

शिक्षन इचारू नको. गल्लीच्या तोंडाला शाळा हाय, तिच्या वरांड्यात मी दोन पावसाळे काढले. बाराखडी अर्ध्यापतूर ऐकली, मंग मास्तरानं काठी काढली. ऱ्हायलेली अर्धी मी भितीवरच्या तक्त्यासकट खाऊन टाकली. म्हनून माझी भाषा अशी. घरातल्यांची बोली दखनी, पर मी आपली तुझ्या बोलीत सांगते.

माझा जलम निलंग्याच्या पल्याड एका वाडीत झाला. आई आठवती ती वासानं. दुधातून सुटले आन् बाजारात आले. यासेरनं माझं तोंड उघडून दात बगितले, पाठीवर मूठ दाबली, आन् पैसे मोजले. ते पैसे त्याचे नव्हते.

ते असं झालं. यासेरचे बापजादे कापूस पिंजनारे. खांद्यावर धनुकली घेऊन दारोदार फिरायचे, जुन्या गादीचा गड्डा झालेला कापूस मोकळा करून द्यायचे. यासेरला वाटलं मशीन घ्यावी. मशीनला पैसा पाहिजे. तवा गल्लीत कंपनीचा मानूस यायचा, बायकांचा गट करून कर्ज द्यायचा. त्या कर्जाची रीत मोठी मजेदार. कागद बाईच्या नावावर, मशीन गड्याच्या हाताखाली, आन् गटातली एक बाई चुकली तर बाकीच्यांनी भरायचं. यासेरची बायकू अफसाना गटात बसली. तिनं अंगठा लावला, मशीन आली, आन् मशीन घेऊन जे चार पैसे उरले त्यात मी आले. म्हंजे मला कर्जाची लेकच म्हन की.

मशीनचा आवाज असा व्हता की माझं रवंथ थांबायचं. पर वरीसभरानं मशीनच गप झाली. लोकं दुकानातून फोमच्या गाद्या आनाया लागले. त्या बी हप्त्यानं. मला मोठं नवल वाटतं मानसाचं. आमी शेळ्या भुईवर निजतो, भुईचं कुनाला देनं नसतं. मानूस निजतो तो बी उधारीवर, आन् मंग म्हनतो झोप येत न्हाई.

मशीन गप, पर हप्ता गप न्हाई. दर हप्त्याला फटफटीवर कंपनीचा रविकिरन साहेब यायचा. पोरगं वाईट नव्हतं, इस्त्रीचा शर्ट, तोंडात "ताई, ताई." अंगनात बायका वळीनं बसायच्या. सगळ्यांचे पैसे जुळेपतूर कुनी उठायचं न्हाई, अशी त्याची रीत. एकदा एका बाईचे पैसे कमी पडले, तर सगळ्याजनी दुपारपतूर बसून. घरी लेकरं उपाशी. कुनी कुनाला शिवी देत नव्हतं, पर जिचे कमी पडले तिच्याकडं कुनी बगत बी नव्हतं. ते बगून मला राग आला. साहेबाचं हेल्मेट टाकीवर ठिवलेलं व्हतं. मी त्याचा पट्टा खाऊन टाकला, बकलापतूर. साहेब उठला, पट्टा बगितला, माझ्याकडं बगितलं. जन्नतबी म्हनली, "साहेब, तिचा बी हप्ता चुकलाय, तिला बी बसवून ठिवा." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्या दिशी तेवढंच हसू झालं.

मंग यासेर पडला. कापसाची धूळ वरसानुवरसं छातीत जाऊन बसलेली, त्यात ताप. इथल्या डाक्टरनं लातूरला न्या म्हनलं. दवाखान्यात आधी पैसे, मंग पलंग. अफसानाच्या गळ्यात काळी पोत व्हती, सोन्याच्या मन्यांची, तिच्या आईनं निकाहाला घातलेली. ती पोत सोन्यावर पैसे देनाऱ्या दुकानात गहान पडली. गळा मोकळा करून अफसाना लातूरच्या बसमदी बसली.

जन्नतबी कपडे न्यायला एक दिस घरी आली. मी तवा गाभन व्हते. ती माझ्यापाशी खाली बसली, माझ्या पोटावर हात ठिवला आन् दर्ग्याच्या दिशेला तोंड करून म्हनली, "पीरबाबा, माझा लेक आपल्या पायानं घरी येऊ दे. हिच्या पोटातला पयला बोकड तुझा. कंदुरी करीन."

आईचं काळीज, मी काय बोलू. पर पोट माझं व्हतं. मला कुनी इचारलं न्हाई.

कंदुरी म्हंजे तुला ठावं असंल. बोकड दर्ग्याला न्यायचा, तिथं कापायचा, आन् बोलवतील तेवढ्या समद्यांना जेवू घालायचं. आमच्या भागात हिंदू करतेत, मुसलमान करतेत. बोकड नवसाला बोललेला असतो, तो घरचा असतो. पर तांदूळ, तेल, मसाला, लाकडं, डेगचीचं भाडं, हे कुठं घरचं असतंय? बोकड बोलताना त्ये कुनालाच याद येत न्हाई.

यासेर घरी आला, आपल्या पायानं. हळू आला, पर आला. आन् आठ दिसांनी मला दोन झाले. दोन्ही बोकड, दोन्ही माझ्यासारखे काळे, कपाळावर पांढरा ठिपका. जन्नतबीनंच माझं बाळंतपन केलं. जो आधी आला त्याच्या गळ्यात तिनं दर्ग्यावरचा हिरवा दोरा बांधला. त्यो थोरला. त्यो पीराचा. मागून आला त्यो धाकटा. त्यो घरचा.

दोऱ्याची करामत बग. थोरला कुठं बी तोंड घालो, गल्ली म्हनायची, "खाऊ दे, पीराचा हाय." धाकट्यानं पान हुंगलं की पाठीत चप्पल. दोघं एकाच पोटातले.

यासेर बसता झाला तवा अफसानानं एका दुपारी उंबऱ्यात बसून हिशेब काढला. कागूद न्हाई, पेन न्हाई, बोटं. किरान्याची उधारी, कंपनीचं कर्ज, पोतीचं कर्ज. यासेर म्हनला, "सगळ्यांना थोडं थोडं देत जाऊ."

अफसाना म्हनली, "घागरीला तीन भोकं हायेत. तिन्हीवर बोटं धरून बसलं तर पानी कोन भरंल? एक भोक बुजवू, मंग दुसरं. आन् नवं पाडायचं न्हाई."

"पयलं कोनतं?"

"जे लहान हाय ते. बुजलेलं दिसलं की हाताला जोर येतो."

मला तिचं म्हननं पटलं. मी बी पाल्याची लहान फांदी आधी संपवते.

लहान भोक म्हंजे इरूपाक्ष अप्पाचं दुकान. गल्लीच्या कोपऱ्यावर. अप्पा कपाळाला इभूत लावनारा, गळ्यात लिंग घालनारा मानूस, मटनाच्या डेगचीच्या वाऱ्याला बी उभा ऱ्हात न्हाई, पर माझ्या कानामागं खाजवल्याबिगर दुकान उघडत न्हाई. अफसाना दुकानावर गेली, मी मागं मागं.

अप्पा म्हनला, "अफसाना, तुझं खातं लई फुगलं बग. गाभन म्हशीवानी."

"म्हनूनच आले अप्पा. तुमच्या सृष्टीला शेळीचं दूध पाहिजे म्हनं."

सृष्टी अप्पाची नात. तिला डेंगू झालेला. शेळीच्या दुधानं पेशी वाढतेत असं लोकं म्हनतेत. खरं का खोटं मला ठावं न्हाई, मला माझ्याच पेशी मोजता येत न्हाईत. पर त्या तापाच्या दिसांत गल्लोगल्ली शेळीवाले राजे झालते. ज्याच्या मनाला यील तो भाव.

अप्पानं इचारलं, "काय भाव लावतीस?"

"रोजचाच."

"दुनिया दुप्पट तिप्पट घेऊन राहिली. तू का गं न्हाई?"

"ताप उतरला की त्यांचं गिऱ्हाईक बी उतरतंय अप्पा. मला रोजचं पाहिजे. दूध घ्या, खात्यातून वजा करा."

अप्पानं खात्याची वही पुढं ओढली. मंग म्हनला, "हाव, कर." सृष्टी बरी झाली तरी अप्पाच्या घरी चहाला माझंच दूध जात राहिलं. त्याच्या बायकूला वास येतो म्हनायची. येत असंल. फुलं कुठं खायला मिळतेत मला. पर उधारी उतरत गेली. घरात चहा कोरा झाला, ईदला नवे कपडे आले न्हाईत, गोडं तेल बाटलीत घेऊन यायचं सोडून अफसाना वाटीत आनायची, म्हंजे हात आखडता राहतो. आन् एका दिशी अप्पानं खात्यावर आडवी रेघ मारली.

दुसरं भोक मोठं. तिथं मशीन इकावी लागली. अफसाना पंधरा दिस त्या बाबतीत तोंड उघडत नव्हती, यासेर बी न्हाई, पर दोघं बी मशीनकडं बगून जेवायचे. शेवटाला यासेरनंच नायगावचं गिऱ्हाईक आनलं. टेम्पो आला तवा त्यो बाहीर आला न्हाई. माळ्यावरची आज्याची धनुकली काढून तिची तार पुसत बसला. त्या पैशातून अफसानानं कंपनीचे बरेच हप्ते पुढंच भरून टाकले. उरलेल्यासाठी ती लोकाच्या रजईला खोळी शिवायची, आन् यासेर खांद्यावर धनुकली घेऊन खेड्यापाड्याला जायला लागला, तोंडाला फडकं बांधून. म्हाताऱ्या बायकांना फोमवर झोप लागत न्हाई, त्यांच्यापाशी काम निघायचं.

आता राहिली पोत. दुकानानं फोनवर तारीख पाठवलेली. बकरीदच्या नंतरच्या हप्त्यात पैसे भरले न्हाईत तर पोत लिलावात. अफसाना म्हनली, धाकट्याला बकरीदच्या बाजारात देऊ, भाव चांगला येतो, पोत सुटंल. समदं जुळलेलं.

पर जन्नतबी आडवी आली. तिला त्याच महिन्यात कंदुरी पाहिजे व्हती. लेक पायानं घरी आला त्याला वरीस होत आलं, आता वचन थकलं म्हनली. आन् कंदुरीला पैसा कुठून? तर रविकिरन साहेबाला वास लागलेलाच. अंगनात बसून त्यानं फोनवर बोट फिरवलं. "ताई, तुमचं रेकॉर्ड छान आहे. जुन्यावर टॉप-अप बसतंय. कार्यक्रम घरचा, पैसे आमचे. फक्त बोट लावायचं."

त्यो गेल्यावर सासूसुनेची जुंपली. अंगनात मी आन् माझी दोन्ही पोरं, आमी तिघं ऐकून राहिलो.

अफसाना म्हनली, "अम्मा, पीरबाबाला सबर हाय. पोतीच्या दुकानाला न्हाई."

जन्नतबी म्हनली, "सबर हाय म्हनूनच त्याचं आधी द्यावं. जो वरडतो त्याचंच देत गेलं तर गप बसनाऱ्याचं कवा देनार?"

मला थोडा वेळ तिचं बी पटलं. मी बी गप बसनारीच.

अफसाना म्हनली, "द्यायचंच हाय. पर कर्ज काढून लोकाला जेवू घालायचं, आन् वरीसभर आपन उपाशी हप्ता भरायचा, हे पीरबाबानं मागितलं का?"

"मागितलं न्हाई. मी बोलले."

"तवा पैसा व्हता का?"

"तवा लेक नव्हता," जन्नतबी म्हनली.

अफसाना भांडी घासायला उठली. साहेब सोमवारी बोट घ्यायला येनार व्हता.

त्याच हप्त्यात धाकट्यानं थोरल्याच्या गळ्यातला दोरा खाल्ला. त्यो माझ्यावर गेलता. लोंबतं दिसलं की चघळायचं. जन्नतबीनं कपाळाला हात लावला आन् म्हनली जुमेरातीला, गुरवारी, दर्ग्यातून नवा आनते. तवर गल्लीची पंचाईत झाली. कोनता पीराचा, कोनता घरचा, लोकाला कळंना. तुला एक सांगते. बाईमानसाला करडं वळखायला दोरा लागत न्हाई, तिच्या हाताखाली वाढलेली असतेत. गड्यांना दोरा लागतो. अन् गल्लीला तर लागतोच. मारावं तर पीराचा निघंल, या भ्यानं कुनी कुनालाच मारंना. धाकट्याला जलमात पयल्यांदा मोकळं रान भेटलं.

अप्पाच्या दुकानी ज्वारीची पोती उतरली व्हती. एक उसवलेलं. धाकट्यानं तोंड घातलं. अप्पाच्या गड्यानं काठी उचलली आन् खाली ठिवली. कोरडी ज्वारी शेळीच्या पोटाला वैरी असती. खाताना गोड लागती, वर पानी पिलं की आत फुगती. मी वरडले, टाकीला बांधलेली मी, लई वरडले. त्यो पोटभर खाऊन पानी पिऊन नळापाशी आडवा झाला.

अप्पा सोता गोड्या तेलाची बाटली घेऊन पळत आला. अफसानानं तोंड उघडून धरलं, अप्पानं तेल पाजलं, यासेरनं चालवलं. पोट ढोलावानी झालतं. दिवस कलला, आसरच्या नमाजाची बांग होईपतूर त्यानं मान टाकली.

अप्पा पायरीवर बसून राहिला. म्हनला, "माझ्या दारात जीव गेला. काय किंमत व्हईल ती सांगा, मी देतो."

जन्नतबी म्हनली, "अप्पा, तुमची ज्वारी खाल्ली त्याचे पैसे आमी कुठून देनार? ऱ्हाऊ द्या. फिटलं."

हसायला म्हनली. हसलं कुनीच न्हाई.

आता बग कसा पेच पडला. पोत सोडवायची ती धाकट्याच्या पैशावर, आन् धाकटा गेलेला. राहिला एकच बोकड, पीराचा. त्याला हात लावला तर वचन मोडतं. न्हाई लावला तर पोत लिलावात, न्हाईतर साहेबाचं बोट. यासेर म्हनला, "टॉप-अप घेऊ. पोत बी सोडवू, कंदुरी बी करू." अफसानानं तोंड धुतलं, पदरानं पुसलं. तिनं बुजवलेली भोकं एका बोटात मोकळी व्हनार व्हती.

सोमवारी साहेबाच्या आधी व्यंकट आला. व्यंकट शेळ्यांचा दलाल. यासेरनं धाकट्यासाठी त्याला आधीच सांगून ठिवलेलं, त्याला मागचं काय ठावं. त्यानं थोरल्याच्या पाठीवर मूठ दाबली, खूश झाला. मंग म्हनला, "यासेरभाई, एक इचारतो. तुमच्या दारात एक वचनाचा हाय असं ऐकलं. ह्यो त्यो न्हाई ना? वचनाचा मी घेत न्हाई. मला बी लेकरं हायेत."

यासेरनं अफसानाकडं बगितलं. त्याला खरंच वळखता येत नव्हतं. "कोन गेला गं, आन् कोन राहिला?"

अफसानाला ठावं व्हतं. दोघांना तिनंच बाटलीनं दूध पाजलेलं. तिनं तोंड उघडलं. मी तिच्या तोंडाकडं बगून राहिले व्हते, ती खरंच सांगनार व्हती. तिला खोटं जमत न्हाई, तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हतात.

तवर खाटेवरून जन्नतबी म्हनली, "पीराचा परवा गेला. पीरानं सोता नेला. ह्यो घरचा हाय."

"अम्मा..."

"तू चूप. दोरा मी बांधला व्हता का तू?"

व्यंकटनं खांद्यावरचा रुमाल काढला, यासेरच्या हातावर टाकला, आन् रुमालाखाली दोघांनी बोटं धरून भाव केला. मी थोरल्याच्या मानेला नाक लावलं. दर्ग्यात जावो का बाजारात, सुरी तीच असती, हे मला कळतं. तरी बी नाक लावलं. फटफटीवर व्यंकट आन् त्याच्या गड्याच्या मदी बसवून नेला त्याला. कोपऱ्यापतूर मी हाक मारली की त्यो ओ द्यायचा. कोपऱ्याच्या पुढं अप्पाचं दुकान, त्याच्या पुढं गाड्यांचा आवाज.

थोड्या वेळानं साहेब आला. हेल्मेटला नवा पट्टा. फोन पुढं केला, "ताई, बोट."

अफसाना म्हनली, "चहा घ्या साहेब."

"चहा नंतर, आधी..."

"चहाच हाय. दुसरं काय न्हाई."

दुसऱ्या दिशी पोत घरी आली. जन्नतबीनं ती सोताच्या हातानं सुनेच्या गळ्यात घातली, मागं दोरा बांधला, केस बाजूला केले. अफसानानं लई हळू इचारलं, "अम्मा, गुना झाला का?"

जन्नतबी म्हनली, "गुना माझा, झाडू माझा. तू तुझा हप्ता भर."

झाडूचं मला तवा कळलं न्हाई. जुमेरातीला कळलं. म्हातारी दर्ग्यात गेली, तिथलं आवार झाडलं, पायऱ्या धुतल्या, चपला वळीनं लावल्या. गुडघे दुखतेत तिचे, जाताना भितीला धरून जाती. लोकं इचारतेत, "चाची, ह्या वयात?" तर म्हनती, "जवान व्हते तवा येळ नव्हता." गेली दोन वरसं एक बी जुमेरात चुकली न्हाई. बोकडाचं वचन ती अंगमेहनतीनं फेडून राहिली, हप्त्यानं. किती हप्ते ते पीरानं सांगितलं न्हाई, तिनं बी इचारलं न्हाई.

कंपनीचा शेवटचा हप्ता अफसानानं ह्या रमजानच्या आधी भरला. पेढे वाटले न्हाईत. त्या दिशी चहात दूध जास्ती टाकलं, झालं. आता साहेब आला तर दुसऱ्या घरी जातो, जाताना माझ्याकडं बगून हेल्मेट काखेत धरतो.

माझं म्हनशील तर मी आटले. दात दोन राहिले. व्यंकट मागल्या महिन्यात म्हनला, "भाभी, म्हातारी देता का? हाडाला बी गिऱ्हाईक हाय." यासेरला माझ्या कडब्याचा खर्च दिसतो, खोटं कशाला बोलू. अफसाना म्हनली, "मशीन गेली, पैसा गेला, कर्ज गेलं. त्यातून आलेली ही एकच राहिली. ऱ्हाऊ द्या." तवा राहिले. किती दिस ते मला ठावं न्हाई. माझ्या जातीत कुनी म्हातारपनाचा भरवसा धरत न्हाई.

तुला एकच सांगनं हाय, आन् हे थट्टेत सांगून न्हाई राहिले. पोटातलं करडू बोलून बसू नको. मानसं लई बोलतेत. अजून न आलेला पगार बोलतेत, न झालेलं पीक बोलतेत, लहान पोराची मोठेपनीची नौकरी बोलतेत, आन् त्याच्यावर आजच गादी घेऊन निजतेत. करडू अजून पोटात असतंय. ते कसं व्हईल, जगंल का मरंल, ते त्याच्या आईला बी ठावं नसतंय. जलमू दे, उभं ऱ्हाऊ दे, दूध पिऊ दे. मंग बोल. आन् बोलायच्या आधी पोट कुनाचं हाय ते बग.

जुमेरातीला जन्नतबी दर्ग्यातून येती. पदरात शिरनीच्या चार रेवड्या असतेत. लेक दारात असतो, सून असती, पर ती आधी टाकीपाशी येऊन बसती. एक रेवडी फोडून माझ्या तोंडात घालती, माझ्याच. माझ्या डोळ्यांत बगत न्हाई. मी खाते. गोड असती, मला दात नसले तरी विरघळती. दर जुमेरातीला आनती, दर जुमेरातीला मी घेते.

फिटलं, असं मी अजून म्हनले न्हाई.

आज जुमेरात हाय. कोपऱ्यावर तिची चप्पल वाजून राहिली. तिला लोकांपुढं खाली बसायला लाज वाटती. तू जा आता. ऊठ. जा म्हनते ना.